टोमॅटोबाईंची खूण

टोमॅटोबाई बॅटरीवर चालणारे दात घासायचे ब्रश मूठमूठभर विकत घेतात, आणि घरात माणसं तर दोनच, हे गल्लीत कळलं तेव्हा काही दिवस कुणाच्या जिवाला चैन नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बातमी फोडली, केस कापणाऱ्याने तिला तिखटमीठ लावलं. कुणी म्हणालं, नवऱ्याची कवळी घासायला लागत असतील. कुणी म्हणालं, बाईंना स्वच्छतेचं वेड लागलंय, आता कपबशाही ब्रशने घासतात. शेवटी नवऱ्यानेच खुलासा केला. हे गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि खुलासे करायला त्यांच्याकडे वेळ कायम शिल्लक असतो.

"अहो, ते ब्रश ती टोमॅटोच्या फुलांना लावते," मास्तर म्हणाले. "फूल थरथरतं, पराग झडतो, ती तो वाटीत धरते. माझ्या दातांना अजून साधाच ब्रश आहे. फुलांची चैन आहे बघा."

त्या दिवसापासून त्या टोमॅटोबाई झाल्या. आधीचं नाव हळूहळू टपाल आणणाऱ्याच्याही लक्षात राहिलं नाही.

बाईंची नोकरी शहराबाहेरच्या संशोधन केंद्रात. सकाळची बस धरायची, फाटकाशी बूट बदलायचे, पांढरा डगला चढवायचा आणि काचघरात शिरायचं. आत दमट ऊब, दोरांवर चढवलेली टोमॅटोची झाडं, आणि त्या पानांचा तो वास, जो एकदा हाताला लागला की साबणालाही दाद देत नाही. बाईंनी हात धुतले की मोरीत हिरवं-पिवळं पाणी वाहतं. उद्या उमलणारं फूल आज चिमट्याने उघडायचं, त्यातले पुंकेसर उपटायचे, म्हणजे फुलाला स्वतःच स्वतःशी संसार थाटता येत नाही. मग दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. मास्तर म्हणायचे, "आमच्या घराण्यात लग्नं जुळवणारी ही एकटीच, आणि तीही भाज्यांची."

हे सगळं कशासाठी? तर मरसाठी. मर हा टोमॅटोचा रोग, आणि नाव ठेवणाऱ्याने शब्द वाया घालवलेले नाहीत. जंतू मातीतून मुळात जातात, मुळातून खोडात चढतात, आणि काल डोलणारं झाड आज दुपारी मान टाकतं. पानं पिवळी पडण्याइतकाही वेळ मिळत नाही. औषध नाही. माती एकदा बाटली की बाटली.

या मरला पुरून उरतो तो एक रानटी टोमॅटो. फळ मण्याएवढं, चवीला जहर. मर त्याचं काही वाकडं करू शकत नाही. आता तुम्ही म्हणाल, मग त्याचं आणि बाजारातल्या टोमॅटोचं लग्न लावून द्या, मर न लागणारी गोड संतती येईल. इतकं सोपं असतं तर बाई केव्हाच घरी बसून लोणची घालत असत्या. झालं असं होतं की त्या रानटी झाडात मरला रोखणारं जनुक आणि फळ कडू करणारं जनुक अगदी खेटून बसलेली. एक आलं की दुसरं पदराला धरून यायचंच. एका पिढीतून दुसरीत जाताना जनुकांची फीत कुठेतरी तुटते आणि नव्याने जोडली जाते. पण नेमकी या दोघांच्या मधे तुटायची म्हणजे हजारोंत एखाद्या रोपाचं भाग्य.

बाई हे गल्लीतल्या बायकांना असं समजावत: "एका ओळीत तीन घरं समजा. पहिल्यात एक भांडखोर माणूस, मधल्यात डॉक्टर, तिसऱ्यात शिंपी. आम्हाला डॉक्टर हवाय, भांडखोर नकोय. पण डॉक्टरच्या दारावर पाटीच नाही. पाटी आहे ती शिंप्याची. म्हणून आम्ही काय करतो, शिंप्याची पाटी दिसली की समजतो, शेजारी डॉक्टर आहे."

"आणि शिंप्याकडे ब्लाउज टाकायचा असला तर?" तिसऱ्या मजल्यावरची विचारायची, आणि विज्ञान तिथेच थांबायचं.

तर त्या शिंप्याच्या पाटीला केंद्रात खूण म्हणत. कोवळ्या पानातून तिकिटाला भोक पाडावं तसा एक तुकडा काढायचा, वाटायचा, यंत्रात घालायचा, आणि खूण आहे की नाही ते दुपारपर्यंत कळायचं. खूण नसेल ते रोप उपटायचं. खूण असेल ते वाढवायचं, फळ धरू द्यायचं आणि चाखायचं. चाखणं बाईंकडे. एक घास, दोनदा चावायचा, बादलीत थुंकायचा, चूळ भरायची, पुढचं झाड. कडू निघालं की तेही उपटून खताच्या खड्ड्यात. असं त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. घरी टोमॅटो आणायची मास्तरांना सक्त मनाई होती.

पूर्वी आणखी एक रीत होती. केंद्राच्या मागच्या अंगाला एक वेगळं काचघर होतं, त्याला सगळे आजारघर म्हणत. तिथल्या कुंड्यांत मुद्दाम मरचे जंतू घालायचे आणि दर पिढीतली काही रोपं तिथे लावून बघायची. मरतात की तगतात. आजारघरात गेलेल्या माणसाने त्या दिवशी बाकी कुठल्याही काचघरात पाऊल टाकायचं नाही, असं कडक सोवळं. बाईंना ते घर कधीच सोसलं नाही. आपण दोरा बांधून वाढवलेलं पोर आपणच नेऊन विष पाजायचं, असं त्यांना वाटे. खूण मिळाली तेव्हा भर बैठकीत त्याच उभ्या राहिल्या होत्या.

"आता झाड न मारता कळतं," त्या म्हणाल्या होत्या. "मग मारायचं कशाला? तेवढ्या जागेत आणखी रोपं बसतील."

सगळ्यांना पटलं. न पटायला काय होतं, आजारघरात जायची हौस कुणालाच नव्हती. तिथे मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या कुंड्या ठेवायला सुरुवात झाली.

आणि मग, निवृत्तीला थोडेच हंगाम उरलेले असताना, बाईंनी एका झाडाचं फळ चावलं आणि थुंकायलाच विसरल्या. गोड होतं. पुन्हा चावलं. गोडच. बियांसकट अर्धं फळ पोटात गेल्यावर त्यांना भान आलं की या बियांचीच तर आयुष्यभर वाट पाहिली, आणि उरलेलं अर्धं दोन्ही हातांत धरून त्या प्रयोगशाळेत पळाल्या. यंत्रावर बसणाऱ्या मुलीने पान तपासलं.

"मॅडम, खूण आहे!"

"पुन्हा बघ."

"पुन्हाच बघितलं. आहे!"

त्या दिवशी बाई बसमधून घरी आल्या नाहीत, चालत आल्या. मास्तरांनी दार उघडलं तर दारात उभ्या राहून हसत होत्या. "कुणी गेलं का?" मास्तरांनी घाबरून विचारलं, कारण बाईंना असं हसताना त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्या बियांची रोपं झाली, रोपांतही खूण, फळंही गोड. संचालक खूश. फक्त म्हणाले, "बाहेर द्यायच्या आधी एकदा मर लावून दाखवावी लागेल. नियम आहे." म्हणजे आजारघर रिकामं करायचं, काचा बदलायच्या, कुंड्या भरायच्या. त्यात लावणीचा हंगाम उलटला असता.

आता इथे बाईंचा भाऊ येतो. थोरला. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. जन्मभर बस चालवली, आणि नोकरी संपल्यावर लोकांनी टाकून दिलेल्या खिडक्या गोळा करून घरामागे स्वतःच्या हाताने काचघर उभं केलं. एकही खिडकी दुसरीसारखी नाही. एकीवर तर अजून "आत वाकू नये" असं लिहिलेलं आहे. पहिल्या वर्षी टोमॅटो असे लगडले की दादा शेजारपाजाऱ्यांना वाटत सुटला. दुसऱ्या वर्षी मर आली. कुणाच्या बुटाला लागून आली की विकतच्या रोपाबरोबर, कोण जाणे. तेव्हापासून तो लावतो आणि ती झोपवते.

"पाडा ते काचेचं थडगं," वहिनी म्हणायची, "आणि मला कपडे वाळत घालायला जागा द्या."

"थांब गं, चिमीचं झाड येतंय." चिमी म्हणजे टोमॅटोबाई. भाऊच तो, त्याला तिच्या पांढऱ्या डगल्याचं काय कौतुक.

चिमीचं झाड ही त्या घरात म्हणच होऊन बसली. नळ दुरुस्त करणारा कधी येणार? चिमीच्या झाडाबरोबर. तुमचं पोट कधी कमी होणार? चिमीचं झाड आल्यावर. बाई जेवायला गेल्या की हसत ऐकून घ्यायच्या आणि तोच घास तोंडात घोळवत बसायच्या. शेवटी यंदा दादाने वहिनीला शब्द दिला होता: एवढा एक हंगाम, मग काचघर पाडतो. आणि ते पाडलं की हा माणूस खुर्चीत बसून संपणार, हे वहिनीलाही कळत होतं आणि बाईंनाही.

न तपासलेलं रोप केंद्राच्या फाटकाबाहेर जाता कामा नये, हा नियम बाईंनी इतरांना तोंडपाठ करायला लावलेला. एकाला तर दोन रोपं डब्यात नेताना पकडून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. त्याच बाई एका संध्याकाळी रोपांचा अख्खा ट्रे पिशवीत घालून, वर स्वेटर पसरून, पहारेकऱ्याला "बरं आहे ना?" विचारत बाहेर पडल्या.

"अजून मर लावून बघितलेली नाही हं, दादा," ट्रे टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या.

"खूण आहे ना?"

"खूण आहे."

"मग? जन्मभर तूच डोकं खाल्लंस, खूण असली की झालं म्हणून."

बाईंनी स्वेटरची घडी घातली. "झालं," त्या म्हणाल्या.

वहिनीने रोपांकडे बघितलं, मग बाईंकडे. "इतकुशी? मला वाटलं, इतकी वर्षं लागली म्हणजे फळासकट येतील." पण तिनेच धावत जाऊन पाण्याची झारी भरून आणली.

इकडे आजारघर तयार झालं. एका बाजूला बाईंची गोड रोपं, दुसऱ्या बाजूला शीतकपाटात जपलेल्या बियांपासून वाढवलेली रानटी, तुलनेसाठी. जंतूंचं पाणी घालायला बाईंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आठवडा झाला नाही तोच गोड रोपांनी माना टाकल्या. एकाने नाही, सगळ्यांनी. रानटी आपली मण्याएवढी कडू फळं धरायच्या तयारीत ताठ उभी.

"पाणी कमी पडलं असेल," संचालक म्हणाले.

"नाही, साहेब."

"ऊब जास्त झाली असेल."

"शेजारी ती उभी आहेत ना, साहेब," बाई म्हणाल्या, आणि हातमोजे काढायला लागल्या. बोटं ओली असल्यासारखे ते निघेचनात.

यंत्रावरच्या मुलीने मग त्या झाडाची अख्खी जनुकांची फीत वाचायला घेतली. वाचून झाल्यावर ती बाईंना बोलवायला आली नाही, नुसती दारात येऊन उभी राहिली. बाईंना तेवढ्यावरून कळलं.

त्या संध्याकाळी मास्तर भांडी विसळत होते आणि बाई पुसत होत्या. "तुझी ती तीन घरं," मास्तर म्हणाले. "कुठे घोळ झाला?"

"ओळ तुटली. खरंच तुटली. भांडखोर सुटला, म्हणून फळ गोड झालं." बाई एकच ताटली पुसत राहिल्या. "पण ती भांडखोर आणि डॉक्टर यांच्या मधे तुटायला हवी होती. तुटली डॉक्टर आणि शिंपी यांच्या मधे. डॉक्टर भांडखोराबरोबर गेला. आपल्याकडे राहिला नुसता शिंपी. आणि आम्ही त्याची पाटी बघून नाचलो."

"म्हणजे खूण खोटी नव्हती."

"खूण खरीच होती. मी तिच्याकडून नको ते वदवून घेतलं."

मास्तरांना काहीतरी विनोद करायचा होता. त्यांनी बाईंच्या हातातून ताटली काढून घेतली, ती केव्हाच कोरडी झाली होती.

संचालक वाईट माणूस नाही. वाईट असते तर बाईंना निदान त्यांच्यावर चिडता आलं असतं. "पुन्हा सुरू करता येईल," ते म्हणाले. "रानटी बी आहे आपल्याकडे."

"बी आहे, साहेब."

बी होतं, वर्षं नव्हती. ज्या झाडांत डॉक्टर जागेवर होता ती सगळी कडू झाडं बाईंनी आपल्या हाताने खड्ड्यात लोटली होती, त्यांचं केव्हाच खत झालं होतं आणि तेच खत आता काकडीला घातलं जात होतं. काचघराचा तो भाग पुढच्या हंगामापासून काकडीवाल्यांना द्यायचं ठरलं. संचालकांनी बाईंसाठी चहा मागवला.

मग बाई दादाकडे गेल्या. भर दुपार होती. काचघराच्या दारातूनच दादाचा आवाज आला, "ये, ये, शास्त्रीणबाई! बघ तुझी लेकरं!" झाडं कमरेपर्यंत आली होती. खालच्या घडांवर हिरवी फळं, वर पिवळी फुलं. आणि कडेच्या ओळीत, दाराजवळ, एका झाडाचा शेंडा लोंबलेला. त्याच्या पलीकडचंही जरा मलूल.

"दादा, मला तुला सांगायचंय."

"हे होय? ऊन आहे. मीसुद्धा दुपारी असाच पडलेला असतो, तुझ्या वहिनीला विचार."

"ऊन नाही. ही जगणार नाहीत. आम्ही मर लावून बघितली. एकही नाही राहिलं."

दादाने कानामागचा दोरा काढला आणि एक फांदी बांधायला घेतली. "तुमच्या त्या काचेच्या दवाखान्यात चांगला माणूसही मरेल," तो म्हणाला. "लहानपणापासून रडकी तू. परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच नापास होऊन बसायचीस. थांब जरा. उन्हं उतरू दे."

बाई थांबल्या. पालथ्या बादलीवर बसून राहिल्या. उन्हं उतरली, काचा गार झाल्या, आणि लोंबलेला शेंडा सावकाश वर आला. शेजारचं झाडही सावरलं. दादाने टाळी वाजवली.

"बघितलंस? आता बोल!"

मर अशीच करते. पहिले काही दिवस संध्याकाळी झाड उभं करून देते. बाईंनी खिशातली छोटी कात्री काढली.

"एक पेला पाणी दे, दादा. स्वच्छ दे."

त्याने दिलं. बाईंनी त्या उभ्या राहिलेल्या झाडाची एक फांदी बुडापासून कापली आणि कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल अशी पेल्यात धरली. काही झालं नाही. दादा बोलायला तोंड उघडणार, इतक्यात फांदीच्या टोकातून एक पांढरा धागा सुटला. दुधाचा असावा तसा. न हलता, सरळ, पेल्याच्या तळाकडे उतरत गेला. त्याच्यामागून दुसरा.

"हे काय?"

"हेच. हेच जंतू."

दादाने पेला हातात घेऊन उजेडाकडे धरला. "एवढ्यातच असेल."

"दिसलं एवढ्यात. आहे सगळ्यांत."

"काही उरतील?"

"नाही."

"एखादं?"

"नाही, दादा."

तो पेल्याकडे बघत राहिला. बस चालवताना आरशात मागच्या गाडीकडे बघावं, तसं. मग म्हणाला, "फळं पिकेपर्यंत तरी?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. पावलं वाजली तशी दादाने पेला चटकन मातीच्या पोत्यामागे सरकवला.

"काय खलबतं चाललीत बहीण-भावांची?" वहिनी दारात उभी. हात पुसत, डोळे झाडांवर. "समोरचीला उद्या बोलावलंय बघायला. म्हटलं, तुझं झाड नाही, आमच्या चिमीचं झाड बघ म्हणावं. मेली फार हसायची."

मग दादाच म्हणाला, "चिमी म्हणतेय, दोरे कमी पडतील. घड जड होणार आहेत."

"एवढंच ना? जुनी चादर आहे, फाडते की." ती गेली आणि चादरीच्या लांब लांब पट्ट्या काढून घेऊन आली. निम्म्या दादाला दिल्या, निम्म्या बाईंना. बाईंनी एक पट्टी घेतली आणि समोरच्या खोडाभोवती फेरा दिला.

"अगं, घट्ट बांध," वहिनी म्हणाली. "सुटेल ते."

"सैलच बांधायचं असतं, वहिनी," बाई म्हणाल्या आणि गाठ मारली. "खोड अजून जाड होतं."